विश्लेषण : मंदीत मिळेल ती नोकरी घ्यावी, की चांगल्या संधीसाठी थांबावे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने निवड केलेल्या नव्या अभियंत्यांना एक ई-मेल आला. वर्षाला साडेसहा लाखांच्या पगारावर निवड झालेले आणि प्रशिक्षण संपवून रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत बसलेले हे तरुण होते. कंपनीने त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला. साडेतीन लाखांवर यायला तयार असाल तर लवकर कामावर घेतो. नाही म्हणालात तर मूळ ऑफर कायम आहे, पण रुजू कधी करून घेऊ याचा शब्द देता येत नाही. आयटी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने हा प्रकार अन्यायकारक असल्याचे म्हटले. समाजमाध्यमांवर संताप व्यक्त झाला. मात्र ९२ टक्के उमेदवारांनी कमी पगाराचा पर्याय स्वीकारल्याचे कंपनीचे तेव्हाचे मुख्य वित्तीय अधिकारी जतीन दलाल यांनी नंतर सांगितले.

या ९२ टक्क्यांचे चुकले का? पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीत आज हाच प्रश्न आहे. ‘मिळतेय ती घे, पुढचे पुढे बघू,’ असे घरचे सांगतात. ‘एकदा चुकीच्या कामाला लागलास की शिक्का बसतो,’ असे दोन वर्षे पुढे असलेला सिनियर सांगतो. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. फक्त ते दोन वेगवेगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांबद्दल बोलत असतात आणि नेमका तो फरक घरातल्या चर्चेत सुटून जातो.

नोकऱ्या कुठे गेल्या?

अर्थशास्त्राच्या व्याख्येत बसणारी मंदी सध्या भारतात नाही. देशाचे सकल उत्पादन वाढते आहे. मंदी आहे ती नव्या पदवीधरांच्या भरतीत. २०२१-२२ या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख, तर इन्फोसिसने ८५ हजार नवपदवीधर घेतले होते. करोनानंतर जगभरच्या कंपन्यांनी संगणकीकरणाची कामे धडाधड बाहेर दिली, त्याचा तो परिणाम. पुढे अमेरिकेत व्याजदर वाढले, ग्राहकांनी खर्च आखडता घेतला आणि २०२३-२४ मध्ये चित्र उलटले. त्या वर्षभरात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ने, इन्फोसिसची २५,९९४ने आणि विप्रोची सुमारे साडेचोवीस हजारांनी घटली. तिन्ही मिळून जवळपास ६४ हजार. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ही कपात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतील होती, तरी तिची धास्ती हिंजवडीपासून कॅम्पसपर्यंत पोहोचली.

म्हणजे एकाच महाविद्यालयातील, एकाच शाखेतील, सारखेच गुण असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचे शेवटचे वर्ष २०२१ मध्ये आले आणि दुसऱ्याचे २०२३ मध्ये, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची सुरुवात ठरली. यात दुसऱ्याची चूक काहीच नाही. तरीही परिणाम त्यालाच भोगावा लागतो आणि तो किती काळ भोगावा लागतो, यावर बरेच संशोधन झाले आहे.

पहिल्या पगाराचा परिणाम किती काळ टिकतो?

अर्थतज्ज्ञ लिसा कान यांनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या पुरुषांच्या कमाईचा माग काढला. या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठी मंदी होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पदवीच्या वेळी बेरोजगारीचा दर एक टक्क्याने अधिक असेल, तर सुरुवातीचा पगार सहा ते सात टक्क्यांनी कमी भरतो. पंधरा वर्षांनंतरही अडीच टक्क्यांचा फरक उरलेला दिसला. वाईट वर्षात पदवी घेतल्याची किंमत चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत मोजावी लागते, असा याचा अर्थ.

कॅनडातील आकडे थोडे कमी निराशाजनक आहेत आणि या प्रश्नासाठी अधिक उपयोगी आहेत. फिलिप ओरिओपोलस, टिल फॉन वाख्टर आणि अँड्र्यू हाइस यांच्या २०१२ मधील अभ्यासात मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी आढळली. पाच वर्षांत ही तूट निम्म्यावर आली आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघाली. ती कशी भरली, हे या अभ्यासात पाहण्यासारखे आहे. मंदीत पदवीधर आधी कमी पगार देणाऱ्या, दुय्यम कंपन्यांत लागतात. बाजार सुधारला की तिथून टप्प्याटप्प्याने चांगल्या कंपन्यांत जातात. बऱ्याच अंशी भरपाई होते ती या नोकरीबदलांतून.

मात्र ही भरपाई सगळ्यांना सारखी मिळाली नाही. चांगल्या महाविद्यालयांतून, मागणी असलेल्या शाखांतून आलेले लवकर बाहेर पडले. ज्यांची बाजू मुळात कमकुवत होती, त्यांतले अनेक खालच्या पायरीवरच राहिले आणि त्यांचे नुकसान कायमचे झाले. त्यामुळे पहिली नोकरी घेताना ‘पगार किती’ याच्या आधी ‘इथून पुढे जाता येईल का’ हा प्रश्न येतो. आपल्याकडे कॅम्पस मुलाखतींनंतरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा होते ती फक्त लाखांच्या आकड्याची, ही गोष्ट वेगळी.

‘गॅप’ वाईट की चुकीचे काम?

बायोडेटामध्ये रिकामी जागा नको, हा सल्ला सगळेच देतात. त्याची चाचणी प्रत्यक्ष घेतली गेली आहे. कोरी क्रॉफ्ट, फेबियन लँग आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतील सुमारे शंभर शहरांतील खऱ्या जाहिरातींना काल्पनिक अर्ज पाठवले. अर्जदार किती महिने बेरोजगार आहे, एवढेच बदलत ठेवले. महिने वाढत गेले तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत गेले आणि बहुतेक घसरण पहिल्या आठ महिन्यांतच झाली. इथपर्यंत घरच्यांचे म्हणणे खरे ठरते. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या शहरांत नोकऱ्या मुबलक होत्या, तिथे या ‘गॅप’ची शिक्षा अधिक होती, जिथे बाजारच थंड होता, तिथे कमी. सगळेच घरी बसलेले असतील तर घरी बसलेल्या एकाकडे कोणी संशयाने पाहत नाही, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो.

दुसरा प्रयोग फक्त नव्या पदवीधरांचा होता. जॉन नन्ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पदवीनंतर काही काळ बेरोजगार राहिलेल्यांना त्यामुळे कमी बोलावणी आल्याचे त्यात आढळले नाही. मात्र जे पदवीची गरज नसलेल्या कामाला लागले होते, त्यांना येणारी बोलावणी योग्य कामावर असलेल्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. सिनियर म्हणतो तो ‘शिक्का’ हाच.

हे दोन्ही प्रयोग अमेरिकेतले आहेत, तिथला बाजार वेगळा आहे. आकडे जसेच्या तसे पुण्याला लावता येणार नाहीत. पण त्यातून कमी दर्जाच्या नोकरीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक, काम आपल्याच क्षेत्रातले, पगार किंवा कंपनी लहान. दुसरा, पगार बरा, पण काम पदवीशी संबंध नसलेले. संगणक अभियंत्याने चाळीस जणांच्या कंपनीत अडीच लाखांवर प्रोग्रॅमिंग करणे हा पहिला प्रकार. त्यानेच साडेतीन लाखांवर रात्रपाळीत ग्राहकांचे फोन घेणे हा दुसरा. यांत्रिकीच्या विद्यार्थ्याने चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून उभे राहणे पहिल्यात येते. बँकेची क्रेडिट कार्डे विकणे दुसऱ्यात. घरात मात्र याच्या उलट विचार होतो. दुसरीचा पगार लाखभराने जास्त आहे, ऑफिस वातानुकूलित आहे, कंपनीचे नाव नातेवाइकांना माहीत आहे, म्हणून ती ‘चांगली’ ठरते.

मधल्या छटाही आहेत. टेक्निकल सपोर्ट किंवा मॅन्युअल टेस्टिंग यांना सरसकट चुकीचे काम म्हणता येत नाही. त्याच कंपनीत दीड-दोन वर्षांत डेव्हलपमेंटकडे गेलेले कोणी आहे का, हे तिथल्या दोन-तीन कर्मचाऱ्यांना विचारले तर कळते. ‘पुढे बदलून मिळेल’ हे भरती करणाऱ्याचे आश्वासन आणि प्रत्यक्ष बदलून मिळालेला माणूस यांत फरक असतो.

थांबण्याचे गणित

आता पुन्हा त्या साडेसहा आणि साडेतीन लाखांकडे. दोन्ही पगारांत वर्षाला तीन लाखांचा फरक. साडेसहासाठी वर्षभर थांबायचे तर साडेतीन लाखांची कमाई बुडते. रुजू झाल्यानंतर दरवर्षी तीन लाख जास्त मिळणार असल्याने हे नुकसान साधारण चौदा महिन्यांत भरून निघते. सहाच महिने थांबावे लागले, तर सात महिन्यांत. निव्वळ कागदावर पाहिले तर थांबणे शहाणपणाचे ठरते!

पण हा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे. ऑफर टिकणार, असे ते गृहीतक. इन्फोसिसने २०२२ मध्ये ऑफर दिलेल्या सुमारे दोन हजार अभियंत्यांचे काय झाले, हे त्या दृष्टीने पाहता येईल. त्यांना रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागल्याची तक्रार ‘नाइट्स’ने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. अखेर ते त्या वर्षाच्या उत्तरार्धात म्हैसूरला रुजू झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यापैकी तीनशेहून अधिक जणांना बाहेर पडावे लागले. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत आणि ही अट करारातच होती, असे कंपनीने सांगितले. संघटनेने हा आकडा सातशेच्या आसपास असल्याचा दावा केला. कोणाचे बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. २०२२ची पदवी, दोन वर्षांची प्रतीक्षा आणि हातात काही महिन्यांचे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर त्यांना पुन्हा बाजारात उतरावे लागले.

ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, हे २००९च्या तुकडीलाही माहीत आहे. जागतिक आर्थिक संकटानंतर तेव्हाही अनेक आयटी कंपन्यांनी रुजू होण्याच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या होत्या. ज्यांनी त्या मधल्या काळात छोट्या कंपनीत काम धरले, त्यांनी थांबण्याचा हक्क सोडला नाही. ते फक्त रिकामे थांबले नाहीत. आजही तसे करता येते. एकच पथ्य असते. मधल्या नोकरीतून भविष्य निर्वाह निधी कापला गेला असेल, तर त्याची नोंद यूएएन क्रमांकावर राहते आणि पार्श्वभूमी तपासणीत ती दिसते. त्यामुळे ती लपवू नये. लपवलेली तीन महिन्यांची नोकरी सांगितलेल्या नोकरीपेक्षा अधिक अडचणीत आणते.

‘पासिंग इयर’ची अट

भारतात थांबण्याला आणखी एक धोका आहे आणि तो अमेरिकी प्रयोगांत दिसत नाही. मोठ्या कंपन्यांची नवपदवीधर भरती पदवीच्या वर्षाला बांधलेली असते. जाहिरातीत ‘अमुक वर्षाची बॅच’ असे लिहिलेले असते. शिक्षणात किती वर्षांचा खंड चालेल, हेही लिहिलेले असते. दोन वर्षे उलटली की उमेदवार त्या रांगेतून बाहेर पडतो. फ्रेशर म्हणून त्याला कोणी घेत नाही आणि अनुभवी म्हणावे तर अनुभव नाही.

जपानने हे दोन दशकांपूर्वी मोठ्या प्रमाणावर भोगले. तिथे विद्यार्थ्यांची निवड शेवटच्या वर्षातच होते आणि सगळे एकत्र एप्रिलमध्ये रुजू होतात. आर्थिक फुगा फुटल्यानंतर, साधारण १९९३ ते २००५ दरम्यान, पदवी घेतलेल्यांना ही गाडी चुकली आणि पुढची गाडी त्यांच्यासाठी थांबलीच नाही. कारण कंपन्या दरवर्षी ताजे पदवीधरच घेत राहिल्या. तात्पुरत्या, कंत्राटी कामांत अडकलेल्या या पिढीला तिथे ‘नोकऱ्यांच्या हिमयुगातील पिढी’ म्हणतात. ही माणसे चाळिशी-पन्नाशीत पोहोचल्यावर, २०१९ नंतर, सरकारने त्यांच्यासाठी खास रोजगार कार्यक्रम हाती घेतला.

आपली पद्धत जपानइतकी कडक नाही. इथे दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर कंपनी बदलणे हा नियम आहे, अपवाद नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांची जागतिक क्षमता केंद्रे, म्हणजे जीसीसी, देशात २०२४ मध्ये १,७०० हून अधिक होती आणि त्यात सुमारे १९ लाख लोक काम करत होते. खराडी-बाणेर परिसरातही ती वाढत आहेत. अनेक केंद्रांचा ओढा अनुभवी लोकांकडे असतो. म्हणून स्वतःच्या क्षेत्रातील, अगदी छोट्या कंपनीतील दोन वर्षेही इथे चलनी नाणे ठरतात. फक्त ती त्याच क्षेत्रातली हवीत.

कॅम्पसमधला एक नियम मात्र या सगळ्या विचाराला आडवा येतो. अनेक महाविद्यालयांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असे धोरण असते. पहिली ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसू दिले जात नाही, किंवा पगार ठरावीक पटीने जास्त असेल तरच बसता येते. नोकऱ्या जास्तीत जास्त मुलांत वाटल्या जाव्यात, हा हेतू चांगला आहे. पण त्यामुळे ऑगस्टमध्ये आलेली पहिलीच ऑफर जानेवारीत येणाऱ्या कंपनीचे दार बंद करते. प्लेसमेंट सेलचे हे नियम सातव्या सत्रापूर्वी वाचलेले विद्यार्थी फार थोडे असतात.

मग स्पर्धा परीक्षा?

नोकऱ्या आटल्या की महाराष्ट्रात अभ्यासिका भरतात. पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात अभियांत्रिकीची पदवी घेऊन एमपीएससीची तयारी करणारे हजारो आहेत. खोलीभाडे, मेस, अभ्यासिकेचे शुल्क असा खर्च गावाकडून येतो. परीक्षेच्या तारखांवर त्यांचा ताबा नसतो. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुन्हा पुढे ढकलली गेली, तेव्हा हेच विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले होते.

तयारीच्या वर्षांची किंमत काय, याचे एक भारतीय उदाहरण आहे. तमिळनाडू सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक सरकारी भरती गोठवली होती. जागा नसल्यावर तरुण दुसरीकडे वळतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांच्या अभ्यासात उलटे दिसले. त्या काळातील पदवीधर तरुण अधिक काळ परीक्षेची तयारी करत राहिले आणि दशकभरानंतरही त्यांची कमाई तुलनेने कमी राहिली. तयारीत गेलेला काळ खासगी बाजारात अनुभव म्हणून मोजला जात नाही. एमपीएससी द्यायचीच असेल तर किती प्रयत्न, किती वर्षे हे आधी ठरवणारे थोडे असतात. निकालापासून चार गुणांनी दूर राहिलेल्याला थांबणे सर्वांत कठीण जाते.

बॉण्डचे काय?

वाईट काळात बॉण्ड वाढतात. मागणी कमी, उमेदवार जास्त. त्यामुळे दोन किंवा तीन वर्षे सोडणार नाही, सोडल्यास लाख-दोन लाख भरीन, असे लिहून घेणे कंपन्यांना सोपे जाते. कॅनडाच्या अभ्यासातली भरपाईची वाट नोकरीबदलांतून जात होती. बॉण्ड नेमकी तीच वाट अडवतो. कमी पगार अधिक तीन वर्षांचा बॉण्ड म्हणजे मंदी संपल्यावरही मंदीतल्याच पगारावर काम करणे.

‘बॉण्ड कोर्टात टिकत नाही’ ही समजूत आता बाळगू नये. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. नोकरीत असतानाच्या काळापुरती अशी अट घालणे म्हणजे भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मध्ये निषिद्ध असलेली व्यवसायबंदी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पण तो निकाल पूर्ण वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक बँकेला पुन्हा भरती करण्यासाठी येणारा खर्च आणि त्या अधिकाऱ्याचे वरिष्ठ पद व चांगला पगार या बाबी न्यायालयाने विचारात घेतल्या. महिना वीस हजारांवर लागलेल्या नवपदवीधराला दोन लाखांचा दंड लावताना तेच मोजमाप चालेल, असे गृहीत धरता येत नाही. याच कायद्याचे कलम ७४ करारातली रक्कम ही कमाल मर्यादा मानते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई देऊ करते.

व्यवहारात मात्र खटल्यापर्यंत गोष्ट क्वचित जाते. कंपनीच्या हातातले खरे अस्त्र असते रिलिव्हिंग लेटर. ते नसेल तर पुढची कंपनी घेत नाही. काही ठिकाणी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ‘पडताळणीसाठी’ म्हणून ठेवून घेतल्या जातात. तिथे मात्र मागे फिरणेच बरे. मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवायचे नसतात.

हातात किती येणार?

‘३.३६ लाखांचे पॅकेज’ हा आकडा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. टीसीएसच्या सुरुवातीच्या श्रेणीचा हा पगार. क्षेत्रातील सुरुवातीचा पगार दशकभराहून अधिक काळ याच घरात अडकला आहे. महिन्याला भागिले तर २८ हजार होतात. पण ते सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. उदाहरणादाखल मूळ वेतन त्याच्या निम्मे, १४ हजार धरू. त्यावर कंपनीचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी १,६८० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६७० रुपये सीटीसीतच मोजलेली असते. कर्मचाऱ्याचा तेवढाच निधी पुन्हा कापला जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिना २०० रुपये. महिलांना २५ हजारांपर्यंत तो नाही. हातात उरतात २३ हजार ७००च्या आसपास. ‘व्हेरिएबल’ भाग असेल तर आणखी कमी.

शैक्षणिक कर्ज असलेल्या घरात हा हिशेब वेगळा वळण घेतो. बँकांच्या प्रचलित योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र चालू असते. पाच लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी असेल तर वर्षभर थांबण्याचे व्याजच ५० हजार. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता सुरू झाला की तो महिना सुमारे ६,६०० रुपये बसतो. २३ हजारांतून तो देऊन पुण्यात राहायचे, की तो हप्ता घरच्यांवर टाकून चांगल्या ऑफरसाठी थांबायचे? ज्याच्या वडिलांना सहा महिने हप्ता भरता येतो, तोच थांबू शकतो. दुय्यम बाजूच्या मुलांचे नुकसान कायमचे होते, हा कॅनडातला निष्कर्ष इथे लातूर किंवा बुलढाण्याच्या घरात असा दिसतो. अशा घरातल्या मुलाने पदवीशी संबंध नसलेली पण लगेच पगार देणारी नोकरी घेतली, तर त्याला करिअरचे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी प्रश्न इतकाच उरतो की त्या नोकरीत राहून आपल्या क्षेत्रातले काहीतरी, एखादा प्रकल्प, एखादे प्रमाणपत्र, शनिवार-रविवारचे काम, चालू ठेवता येईल का आणि पाळी किती तासांची आहे.

शिकाऊ उमेदवारीचा मधला रस्ता फारसा कोणी पाहत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना एक वर्ष उद्योगात काम करता येते. २०१९ च्या नियमांनी पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन महिना ९ हजार रुपये ठरवले होते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधरांना महिना १० हजार मिळतात. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती. रक्कम कमी आहे आणि पुढे कायम होण्याची हमी नाही. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न राज्यातील प्रशिक्षणार्थींनीच आंदोलने करून विचारला आहे. पण यांत्रिकी, विद्युत किंवा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला कारखान्यात वर्षभर काढल्याचे केंद्रीय प्रमाणपत्र मिळत असेल, तर ते घरी बसून काढलेल्या वर्षापेक्षा पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडते.

सही करण्यापूर्वी

बहुतेक ऑफर लेटरवर उत्तर द्यायला दोन-तीन दिवसच मिळतात आणि त्यातला पहिला दिवस अभिनंदनाच्या फोनमध्ये जातो. पदनामापेक्षा कामाचे वर्णन शोधावे. ते नसेल तर विचारावे. बॉण्ड किती, तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून मोजायचा की नियुक्ती कायम झाल्यापासून, हे पाहावे, कारण त्यात सहा महिन्यांचा फरक पडू शकतो. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर पुढे नोकरी बदलताना पुढची कंपनी तीन महिने थांबेल का, याचा विचार आजच करावा लागतो. प्रशिक्षणानंतरची परीक्षा नापास झाल्यास काय, हे म्हैसूरनंतर प्रत्येकाने वाचायला हवे. एचआरने फोनवर दिलेले उत्तर त्याच संध्याकाळी ई-मेल करून ‘आपण असे सांगितले, बरोबर ना’ एवढे विचारून ठेवावे. २०२३ मधल्या त्या मुलांकडे साडेसहा लाखांचा आकडा निदान लेखी होता, म्हणूनच कंपनीला त्यांची संमती मागावी लागली.